काळी नदीचा रंग समुद्रात कोठे जातो?

हळद लागलेले वस्त्र साबणाने धुतले तर डाग जाण्याऐवजी तांबडा होतो, हा अनुभव घरोघरचा आहे. जाणती गृहिणी अशा वेळी घासाघीस करीत बसत नाही. ती ते वस्त्र ओलेच उन्हात वाळत घालते, आणि संध्याकाळी ते घडी करावयास घेते तेव्हा डाग जवळजवळ गेलेला असतो. तो कोणी पुसला? साबणाने नव्हे, पाण्याने नव्हे, उन्हाने. हळदीतील पिवळ्या रंगद्रव्याचे रेणू सूर्यप्रकाशाने तोडले आणि त्यांचे जे तुकडे झाले त्यांस रंग नव्हता. तुकडे मात्र काही काळ वस्त्रातच होते. रंग गेला म्हणजे वस्तू गेली असे समजण्याची घाई आपण करू नये.

घराच्या दोरीवर जे घडते तेच फार मोठ्या प्रमाणावर समुद्राच्या पाठीवर रोज घडत असते. रानातून, शेतांतून आणि नद्यांतून समुद्रात जाणारे पिवळे-तपकिरी द्रव्य सूर्य दिवसेंदिवस तोडीत असतो. या क्रियेची ओळख आपल्या कुंभारवाड्याच्या ओढ्यापासून करून घेता येते; म्हणून आम्ही तेथूनच आरंभ करितो.

उन्हाळा सरत आला म्हणजे आपल्या रानात ऐन, किंजळ, साग, जांभूळ, हिरडा यांच्या वाळल्या पानांचा जाड थर साचलेला असतो. मृगाचे पहिले मोठे पाऊस पडले की ओढ्यांस पाणी येते, आणि ते पाणी तांबूस असते. हे पाणी काचेच्या पेल्यात भरून रात्रभर न हलविता ठेवावे. सकाळी तळाशी मातीचा साका बसलेला दिसेल आणि वरचे पाणी निवळलेले असेल. आता पेल्याच्या मागे पांढरा कागद धरून पाहावे. पाणी नितळ आहे, पण त्यात पातळ चहासारखी पिवळसर झाक राहिलेली आहे. ती मातीची नव्हे. माती तर खाली बसली. ही झाक फडक्याने गाळून जात नाही आणि शास्त्रज्ञांच्या अतिसूक्ष्म गाळणीतूनही ती पार होते. एका मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी लहान छिद्रे असलेल्या गाळणीतून जे पाण्याबरोबर पार होईल ते विरघळलेले समजावे, असा संकेत आहे. तेव्हा आपल्या पेल्यातील झाक म्हणजे विरघळलेले सेंद्रिय द्रव्य होय. सेंद्रिय याचा अर्थ सजीवांच्या शरीरापासून आलेले आणि कार्बनयुक्त, इतकाच येथे घ्यावा.

वर चहाची उपमा दिली ती केवळ उपमा नाही. चहा म्हणजे तरी काय? वाळल्या पानांचा पाण्यात उतरलेला अर्क. रानातही तेच घडते. फरक इतकाच की पाणी उकळलेले नसते आणि पाने निवडलेली नसतात. या रानअर्कात टॅनिन असते. हिरड्याच्या फळात ते इतके असते की कातडे कमावण्यास हिरडा पूर्वीपासून वापरीत आले आहेत. अर्कात लिग्निनाचे तुकडेही असतात. झाडाच्या खोडास ताठपणा देणारे द्रव्य ते लिग्निन. नुसत्या तंतूंनी झाड उभे राहिले नसते. पाने व लाकूड मातीत कुजताना या दोहोंपासून आणखी गुंतागुंतीची तपकिरी द्रव्ये बनतात, त्यांस ह्यूमिक द्रव्ये म्हणतात. लाकडापासून किंवा बांबूपासून पांढराशुभ्र कागद करावयाचा तर त्यातील लिग्निन आधी काढून टाकावे लागते. दांडेलीसारख्या ठिकाणच्या कागद कारखान्यांतील पुष्कळसा खटाटोप त्यासाठीच असतो. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात बरेचसे लिग्निन तसेच राहते, म्हणून जुने वर्तमानपत्र खिडकीत उन्हास पडले की चार दिवसांत पिवळे होते. ऊन लागताच ज्याच्यात बदल होतो असे हे द्रव्य आहे, एवढे येथे ध्यानात धरावे. कागदावर तो बदल अर्ध्यावर थांबतो आणि कागद पिवळा दिसतो. पाण्यात तो पुढे चालतो आणि पिवळेपणाच नाहीसा होतो.

आपल्या रानातील ओढे शेवटी काळी नदीस मिळतात. जोयडा तालुक्यातील डिग्गी येथे उगम पावून ही नदी सुपा धरणाच्या विस्तीर्ण जलाशयातून दांडेलीवरून पुढे जाते. बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि कद्रा येथील धरणे ओलांडून सुमारे १८४ किलोमीटरांच्या प्रवासानंतर सदाशिवगड आणि कारवार यांच्या मधून अरबी समुद्रास मिळते. नदीचे नाव काळी आहे म्हणून ते या पाण्याच्या रंगावरूनच पडले असावे, असा तर्क करण्याचा मोह होतो. पण नावावरून शास्त्र काढणे बरे नव्हे. वाटेतील जलाशयांत पाणी दिवसच्या दिवस उन्हात पसरून राहते, म्हणून रंग फिका पडण्याचे काम समुद्राची वाट न पाहता तेथेच सुरू होते. उरलेला रंग नदीमुखाशी पोहोचतो. तेथे खारे पाणी भेटताच त्याचा काही अंश लोहाबरोबर गोठून तळाशी बसतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली असता जे होते त्याच जातीची ही क्रिया आहे. परंतु बराच मोठा भाग विरघळलेलाच राहून समुद्रात शिरतो.

येथे एक हिशेब करण्याजोगा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे आपण भूगोलात शिकतो. त्याच लिटरात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यातील कार्बन किती असतो? वरच्या थरात एक मिलिग्रॅमच्या आत-बाहेर आणि खोल पाण्यात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. चिमूटही नव्हे, चिमटीस लागलेली धूळ म्हणा. आता पृथ्वीवरील समुद्राचे पाणी सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर आहे आणि एका घन किलोमीटरात एक लाख कोटी लिटर मावतात. दर लिटरास अर्धा मिलिग्रॅम धरून गुणाकार केला की उत्तर सुमारे ६६,५०० कोटी टन येते. शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजमापांवरून काढलेला आकडाही याच्याच जवळ, सुमारे ६६,२०० कोटी टन आहे. वातावरणातील सगळ्या कार्बन डाय-ऑक्साइड वायूत आज जितका कार्बन आहे त्याच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश इतका हा साठा झाला. तो समुद्रात विरघळून राहिला आहे तोवर ठीक. त्याचा वायू झाला तर तो हवेत जाणार. म्हणून त्याचे काय होते, हा प्रश्न समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांपुरता राहत नाही.

या साठ्याचे वय हे दुसरे आश्चर्य. पीटर विल्यम्स आणि एलेन ड्रफेल या शास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रशांत महासागराच्या खोल पाण्यातील या द्रव्याचे वय किरणोत्सर्गी कार्बनाच्या पद्धतीने काढले. ते सुमारे ६,००० वर्षे भरले. समुद्राचे पाणी तळाकडून वर आणि वरून तळाकडे असा एक फेरा पुरा करावयास सुमारे हजार वर्षे घेते. म्हणजे या द्रव्याने असे अनेक फेरे केले आणि तरी ते टिकून राहिले. समुद्रातील जीवाणू मिळेल ते खाणारे. साखर, प्रथिने त्यांच्या हाती लागली तर काही तासांत वा दिवसांत फस्त होतात. पण हे जुने द्रव्य त्यांच्या दातांस लागत नाही, असे म्हणावयाचे. (जीवाणूंस दात नसतात, हे आम्ही जाणतो.)

आता नद्यांचा जमाखर्च पाहा. जगातील सर्व नद्या मिळून दरवर्षी सुमारे २५ कोटी टन विरघळलेला सेंद्रिय कार्बन समुद्रात आणून टाकतात. यातले काहीच नष्ट झाले नाही असे समजलो, तर अडीच-पावणेतीन हजार वर्षांत समुद्राचा वरील सर्व साठा केवळ नद्यांच्या मालानेच भरून जावा. नदीचे द्रव्य ओळखण्याची खूणही हाती आहे. लिग्निन जमिनीवरच्या झाडांतच बनते, समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींत नाही. तेव्हा समुद्राच्या पाण्यात लिग्निन शोधावे म्हणजे जमिनीचा वाटा कळेल. शोध घेतला तेव्हा मोकळ्या महासागरात ते अत्यल्प सापडले; बहुतेक साठा समुद्राच्या स्वतःच्या सूक्ष्म वनस्पतींपासून झालेला निघाला. मग ओढ्या-नद्यांचा तो सगळा चहा गेला कोठे? पातळ झाला, हे उत्तर पुरत नाही. कारण पातळ झालेली वस्तूही हिशेबात सापडावयास हवी.

या कोड्याच्या उत्तराचा एक मोठा भाग म्हणजे सूर्यप्रकाश. तो कसा, हे समजण्यास प्रकाशाची शक्ती पाहिली पाहिजे. प्रकाश लहान लहान पुंजांच्या रूपाने येतो, आणि लहरीची लांबी जितकी कमी तितकी प्रत्येक पुंजाची शक्ती अधिक. लांबी मोजण्याचे माप नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यांतला एक. तांबड्या प्रकाशाची लहर सुमारे ७०० नॅनोमीटर असते आणि तिच्या एक मोल पुंजांत सुमारे १७० किलोज्यूल शक्ती असते. डोळ्यांस न दिसणाऱ्या, ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत ती सुमारे ४०० किलोज्यूल होते. कार्बनाच्या दोन अणूंमधील साधा बंध तोडावयास सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. तांबडा प्रकाश पाणी तापवितो. अतिनील किरणांपाशी रेणू मोडण्याइतके बळ असते.

पण बळ असून भागत नाही. प्रकाश ज्यात शोषला जात नाही त्यात तो काही करू शकत नाही. तो नुसता आरपार जातो. लिग्निन, टॅनिन आणि ह्यूमिक द्रव्ये यांच्या रेणूंत सहा कार्बनांची वलये असतात, आणि ही वलये निळा व त्याहूनही अधिक अतिनील प्रकाश आवडीने शोषून घेतात. निळा गेला म्हणून उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. म्हणजे या द्रव्यास रंग आहे तो ज्या गुणामुळे, त्याच गुणामुळे त्याचा नाशही होतो. साखरेच्या पाण्यास रंग नाही. ऊन तिला असे तोडू शकत नाही.

प्रकाश शोषलेला रेणू क्षणभर उद्दीपित होतो. कधी तो स्वतःच तुटतो. पुष्कळदा मात्र तो आपली जादा शक्ती शेजारच्या प्राणवायूस देऊन टाकतो, आणि मग तो प्राणवायू नेहमीचा सौम्य प्राणवायू राहत नाही. त्याची आक्रमक रूपे तयार होतात. त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडही असते, जे जखम धुण्याच्या औषधात असते आणि ज्याने वस्तूंचा रंगही उडवितात. ही रूपे आजूबाजूच्या रेणूंवर तुटून पडतात. लोह जवळ असेल तर ही क्रिया आणखी वेगाने चालते. आपल्या भागातील जांभ्याची तांबडी माती लोहयुक्त आहे, हे येथे आठवावे.

तुटल्यावर काय निघते, हा यापुढचा प्रश्न. काही भाग थेट कार्बन डाय-ऑक्साइड होतो. त्याहून पुष्कळच थोडा, साधारण विसाव्या हिश्श्याइतका, कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये असे ज्याच्यामुळे सांगतात तोच हा वायू. समुद्रावर त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की भिण्याचे कारण नाही, पण शास्त्रज्ञांस त्याचा मोठा उपयोग झाला. १९७० साली स्विनर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्र हा या वायूचा नैसर्गिक उगम आहे असे दाखवून दिले. समुद्राच्या वरच्या पाण्यात तो दुपारी वाढतो आणि रात्री, जीवाणू त्यास खात असल्यामुळे, उतरत जाऊन पहाटे सर्वांत कमी होतो. रोज सूर्याबरोबर चढणारा आणि सूर्य मावळल्यावर उतरणारा हा आलेख म्हणजे सूर्याने समुद्रावर केलेल्या कामाची जणू हजेरीवहीच.

आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो उरलेला भाग. मोठ्या रेणूंचे लहान तुकडे होतात: फॉर्मिक आम्ल, ॲसेटिक आम्ल (म्हणजे व्हिनेगरातील आंबटपणा), फॉर्मॅल्डिहाइड, पायरुव्हिक आम्ल. काही तुकड्यांबरोबर अमोनियाही सुटतो, आणि तो सूक्ष्म वनस्पतींस खताप्रमाणे उपयोगी पडतो. जो रेणू जीवाणूंस हजारो वर्षे पचला नाही त्याचे हे तुकडे ते सहज खातात. १९९१ साली केनेथ मॉपर आणि त्यांचे सहकारी यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडले की, खोल समुद्रातील टिकाऊ द्रव्य प्रवाहांबरोबर उजेडात आले म्हणजे सूर्यप्रकाश त्याचे असे तुकडे करतो आणि ते नाहीसे होण्याची ही एक प्रमुख वाट आहे. नदीच्या द्रव्याविषयीही प्रयोग झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आफ्रिकेतील काँगो नदीचे पाणी, जे आपल्या ओढ्याप्रमाणेच घनदाट रानातून येते, सूर्यासारख्या प्रकाशाच्या दिव्याखाली ५७ दिवस ठेवले. लिग्निनाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. मात्र एकंदर विरघळलेला सेंद्रिय कार्बन सुमारे ४५ टक्केच घटला. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ओळखीची खूण जवळजवळ पुसली गेली, पण वस्तूपैकी अर्ध्याहून अधिक पाण्यातच राहिली, रंगहीन आणि अनोळखी होऊन. आरंभीच्या हळदीच्या डागाची गोष्ट तीच. समुद्रात लिग्निन सापडत नाही एवढ्यावरून जमिनीचे काहीच तेथे उरत नाही असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

येथे एक इशारा द्यावयास हवा. सूर्य प्रत्येक वेळी न पचणारे पचण्याजोगे करतो, असे नाही. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून नुकतेच निघालेले ताजे द्रव्य जीवाणूंस मुळातच आवडते असते. त्यावर ऊन पडले तर कधी कधी ते उलट अधिक चिवट बनते, असे प्रयोगांत आढळले आहे. जुने मोडावे आणि ताजे घट्ट करावे, अशी ही उफराटी तऱ्हा आहे.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ; कारण येथे ऋतूंनी या कामात एक मोठी अडचण करून ठेविली आहे. आपण सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो: एकदा मेच्या आरंभी आणि एकदा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. पहिल्या वेळी ऊन कडक, पण ओढे आटलेले. रंग वाहून नेण्यास पाणीच नसते. दुसऱ्या वेळी नदी दुथडी भरून वाहत असते आणि रानाचा अर्क लोटाच्या लोट समुद्रात जात असतो, पण सूर्य ढगांच्या आड. शिवाय त्या पाण्यात गाळही भरपूर, म्हणून जो उजेड येतो तोही खोल जात नाही. माल येतो तेव्हा कारागीर हजर नसतो आणि कारागीर हजर असतो तेव्हा माल नसतो, असा हा प्रकार.

तरी काम होते, ते पुढील रीतीने. नदीचे पाणी गोडे, म्हणून हलके. समुद्राच्या एका लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅमहून सुमारे २५ ग्रॅम अधिक भरते. त्यामुळे पावसाळ्यात किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याचा पातळ थर दुधावरच्या सायीसारखा समुद्रावर पसरतो. रंगीत द्रव्य त्या थरात, म्हणजे नेमके वरच, राहते. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, म्हणून काळीचे पाणी कारवारपासून खालच्या किनाऱ्याकडे ओढले जाते. पुढे हिवाळ्यात तोच प्रवाह उलटून उत्तरेकडे जाऊ लागतो. मध्ये भाद्रपद-आश्विनात आकाश मोकळे होते, गाळ खाली बसतो आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागते. पावसाळ्यात थकलेले काम सूर्य या महिन्यांत उगवून घेतो. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत हिवाळी सूर्य इतका मंद असतो की तेथे अशी भरपाई होणे कठीण; आपल्याकडे मात्र मार्गशीर्ष-पौषातही ऊन बऱ्यापैकी जोरदार असते.

सूर्य किती खोलवर काम करू शकतो, हेही या रंगावरच अवलंबून आहे. नदीमुखाच्या तपकिरी पाण्यात अतिनील किरण मीटरभरही जात नाहीत; मोकळ्या महासागराच्या स्वच्छ पाण्यात त्यांतील काही कित्येक मीटर खाली पोहोचतात. रंगीत द्रव्य हे पाण्यातील जीवांवर धरलेली छत्रीच आहे. सूर्य तीच छत्री हळूहळू झिजवितो, तेव्हा किरण आणखी खोल जातात आणि माशांची अंडी, सूक्ष्म वनस्पती यांस त्यांचा ताप होतो. रंग जाणे म्हणजे पाणी शुद्ध होणे, अशी आपली समजूत असते. त्या अंड्यांचे मत निराळे असू शकेल.

रंग ओसरल्यावर समुद्र निळा दिसतो. तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे निळा दिसतो असा समज एके काळी विद्वानांतही होता. १९२१ साली विलायतेहून परत येताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ‘नारकुंडा’ या आगबोटीवरून साध्या उपकरणांनी समुद्र न्याहाळला, प्रतिबिंबित प्रकाश गाळून टाकला आणि तरीही पाणी निळेच दिसते हे पाहिले. पाण्याचे रेणूच निळा प्रकाश विखुरतात, असे प्रतिपादन करणारे पत्र त्यांनी बोट मुंबई बंदरात आली असता ‘नेचर’कडे पाठविण्यासाठी लिहिले. पाण्याचे रेणू तांबडा प्रकाश शोषून घेतात, हेही त्या निळेपणाचे कारण आहे, असे आज आपण जाणतो. पण हा निळेपणा दिसण्यास वाटेत निळा प्रकाश गिळणारे कोणी नसावे लागते. किनाऱ्याजवळ तो गिळणारा असतो, म्हणून तेथे समुद्र हिरवट दिसतो. कुर्ट काले या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात त्या द्रव्याचा अभ्यास करून त्यास ‘गेल्बस्टोफ’, म्हणजे सरळ ‘पिवळे द्रव्य’, असे नाव दिले.

या पिवळ्या द्रव्याशी आपल्या मच्छीमारांचाही संबंध येतो. भारताने २६ मे १९९९ रोजी ‘ओशनसॅट-१’ हा उपग्रह समुद्राचा रंग मोजणारे उपकरण देऊन सोडला. २००९ आणि २०२२ साली त्याच मालिकेतील पुढचे उपग्रह गेले. पाण्यात हरितद्रव्य अधिक तेथे सूक्ष्म वनस्पती अधिक, आणि त्यांच्या मागे मासे, या न्यायाने उपग्रहाच्या चित्रांवरून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे याच्या सूचना हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून किनाऱ्यावर दिल्या जातात. आता हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते आणि पिवळे द्रव्यही निळाच प्रकाश शोषते. आकाशातून पाहणाऱ्या यंत्राने रानातील पानांचा चहा पाहिला आणि त्यास वनस्पतींचे शेत समजले, तर? म्हणून किनाऱ्याच्या पाण्यात पिवळे द्रव्य किती आणि ते कोणत्या ऋतूत किती फिके पडते, हे पाण्यात उतरून मोजावे लागते. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी गोव्याच्या मांडवी आणि झुवारी या नद्यांच्या मुखांत असे मापन केले आहे. त्या नद्याही आपल्याच सह्याद्रीवरून उतरतात.

ज्या विद्यार्थ्यांस हे स्वतः पाहावयाचे असेल त्यांनी दिवाळीनंतरच्या कोरड्या उन्हात पुढील प्रयोग करावा. मूठभर वाळलेली पाने उकळून निवविलेल्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावीत. सकाळी ते पाणी दुहेरी फडक्याने गाळून, साका बसू देऊन, वरचे नितळ पाणी घ्यावे. फार गडद असेल तर पातळ चहाइतके फिके होईपर्यंत त्यात पाणी घालावे. पांढऱ्या काचेच्या तीन सारख्या बाटल्या यातून भरून बुचे घट्ट लावावीत. पहिली उघड्या उन्हात ठेवावी. दुसरी चांदीच्या कागदात पूर्ण गुंडाळून पहिलीच्या शेजारीच ठेवावी, म्हणजे तिलाही ऊब मिळेल पण उजेड मिळणार नाही. तिसरी घरातील बंद कपाटात असावी. दर आठवड्यास तिन्ही बाटल्या पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहावा व तारखेसह वहीत लिहावा. काच सर्वांत तीव्र अतिनील किरण अडविते, म्हणून घाई करू नये. महिना-दीड महिना तरी द्यावा. दुसऱ्या बाटलीचा रंग तिसरीसारखाच राहिला आणि पहिलीचा फिका झाला तर काम उष्णतेचे नसून प्रकाशाचे आहे, हे सिद्ध होईल. ज्यांस उत्साह असेल त्यांनी चौथी बाटली घेऊन तिच्यात लिटरास ३५ ग्रॅम या प्रमाणात मीठ घालावे, ती पहिलीच्या शेजारी उन्हात ठेवावी आणि तळाशी काही गोठून बसते का, तेही पाहावे. बाटल्यांतील पाणी कोणी पिऊ नये, आणि लहान भावंडांच्या हातास लागेल असे ठेवू नये.